पाणी संपलं की काटा खाली येतो

ऑक्टोबरची गोडी छाटणी उरकली की नाशिककडच्या द्राक्षबागांमध्ये ट्रॅक्टरला उसंत नसते. डाऊनी आणि भुरी या दोन रोगांच्या धास्तीनं ब्लोअर पहाटे बाहेर पडतो आणि ऊन चढेपर्यंत ओळींमधून फिरत राहतो. अशाच एका सकाळी निफाड तालुक्यातल्या एका बागेत एक छोटा ट्रॅक्टर ओळीच्या मध्यावर अडखळला, घरघरला आणि थांबला. चालक खाली उतरला. बॉनेटखालून गरम रंगाचा वास येत होता. त्यानं पहिल्यांदा पाहिला तो तापमानाचा काटा. काटा हिरव्या पट्ट्यात, तोही खालच्या टोकाला. म्हणजे इंजिन कोमट. मग थांबलं कशानं? पुन्हा चावी मारली, स्टार्टर ‘टक्’ करून गप्प बसला. पिस्टन लायनरला धरले होते.

यात कंपनीचा दोष नव्हता, म्हणून ट्रॅक्टरचं नाव सांगत नाही. रेडिएटरचा खालचा होज पाइप फाटला होता आणि पाणी ओळीभर सांडत गेलं होतं. प्रश्न काट्याचा आहे. इंजिन जळत असताना तो खाली का होता? या प्रश्नाच्या उत्तरावरच हे सगळं प्रकरण उभं आहे.

आधी ट्रॅक्टरविषयी थोडं. नऊ-दहा फुटी ओळींमध्ये, मांडवाखाली किंवा वाय आकाराच्या तारांखाली मोठा ट्रॅक्टर वळत नाही. म्हणून पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीचे बुटके ट्रॅक्टर बागायतदारांनी जवळ केले. बंगळुरूच्या व्हीएसटी कंपनीचा साडेअठरा अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा मित्सुबिशी शक्ती एमटी १८० डी हे त्यातलं सर्वांच्या ओळखीचं नाव. यांतले कितीतरी ट्रॅक्टर आज दहा-पंधरा वर्षांचे झाले आहेत आणि रोज कामावर जातात. त्यांची इंजिनं साधी आहेत. संगणक नाही, सेन्सरचं जाळं नाही. डॅशबोर्डवर एक काटा, तेलाचा एक लाल दिवा आणि इंजिन बंद करायला ओढायची एक तार. हा साधेपणाच त्यांच्या दीर्घायुष्याचं कारण आहे. मात्र इंजिन तापलं तर ते थांबवायचं काम पूर्णपणे माणसावर राहतं, आणि तो माणूस बहुतेक वेळ मागं वळून नोझल बघत असतो.

आता उष्णतेचा जमाखर्च मांडू. डिझेल इंजिनात जळणाऱ्या इंधनातली ढोबळमानानं एक तृतीयांश ऊर्जा कामाला येते. जवळजवळ तेवढीच सायलेन्सरमधून धुराबरोबर जाते. उरलेल्यातला मोठा भाग पाण्यातून रेडिएटरकडे जातो. अठरा अश्वशक्ती म्हणजे साडेतेरा किलोवॅट. म्हणजे पूर्ण भाराला हे इंजिन पाण्याच्या वाटेनं दहाएक किलोवॅट उष्णता बाहेर टाकतं. घरातला गिझर दोन किलोवॅटचा असतो. तेव्हा असे पाच गिझर एकदम चालू आहेत, त्यांच्याकडे पाणी जेमतेम तीन-चार लिटर आहे आणि ते पाणी गार ठेवायला समोर एक जाळी आणि मागं एक पंखा आहे, असं चित्र डोळ्यांपुढे आणा.

आणि समजा पंख्याचा पट्टा तुटला. लोखंड आणि पाणी धरून अशा इंजिनाचं तापमान पूर्ण भाराला मिनिटाला साधारण दहा अंशांनी चढेल, असा ढोबळ हिशेब निघतो. पंच्याऐंशीवर निवांत चालणारं इंजिन दोन मिनिटांत एकशे पाचवर पोचतं. फवारणीचा वेग असतो ताशी साडेतीन-चार किलोमीटर, म्हणजे सेकंदाला एक मीटरच्या आसपास. शंभर मीटरची ओळ संपायला दीड-पावणेदोन मिनिटं लागतात. ओळीच्या सुरुवातीला काटा पाहिला आणि पुढचा ओळीच्या शेवटी पाहू म्हटलं, तर तेवढ्यात जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. चालकाला दोष देण्याआधी हा आकडा लक्षात घ्यावा.

बागेत इंजिन तापायला कारणंही जास्त. ट्रॅक्टर संथ चालतो, त्यामुळे समोरून वारा मिळत नाही. ब्लोअर मात्र पीटीओवरून, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावरून, मिनिटाला पाचशे चाळीस फेऱ्यांनी सतत ताकद ओढत असतो. मांडवाखाली हवा कोंडलेली. छाटणीनंतरची वाळकी पानं, साल आणि धूळ जाळीत अडकते, त्यावर फवारणीचे चिकट तुषार बसतात आणि पाहता पाहता जाळीला लिंपण होतं. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं पाणी, म्हणजे आतून क्षारांचा थर. त्यात भर म्हणून कुणीतरी मेस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकतो : ‘आपल्याकडं एवढं ऊन, हा कशाला पाहिजे?’ हा सल्ला गावोगाव ऐकू येतो आणि तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट काढल्यानं इंजिन हिवाळ्यात नको तेवढं गार चालून झिजतं. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडला की आडवाट बंद करतो. तोच काढला तर पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरकडे न जाता गोल गोल फिरत राहतो आणि ऐन भारात इंजिन उलट जास्तच तापतं.

तापल्यावर नेमकं काय बिघडतं? पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा आणि लायनर बिडाचा. अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या दुप्पट फुगतं. पंच्याहत्तर मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनमध्ये दर शंभर अंशांमागे हा फरक सुमारे ०.०८ मिलिमीटर होतो, आणि छोट्या डिझेल इंजिनात पिस्टन आणि लायनरमधली मोकळीक मुळात एवढीच असते. ती संपली की तेलाचा पापुद्रा फाटतो आणि धातू धातूला घासतो. मेस्त्री म्हणतात, ‘इंजिन धरलं.’ त्याच्या आधीचा टप्पा हेडचा. हेड वाकतं, गॅस्केट उडतं. हेडचा सपाटपणा ०.०५ ते ०.१ मिलिमीटरहून अधिक बिघडला की फेसिंग मारावं लागतं. केसाच्या जाडीएवढ्या फरकापायी ऐन हंगामात ट्रॅक्टर आठवडाभर गॅरेजात पडून राहतो.

आता काट्याकडे येऊ. रेडिएटरच्या झाकणाला स्प्रिंग असते, ती पाण्यावर दाब ठेवते. समुद्रसपाटीला उघडं पाणी शंभर अंशांना उकळतं. नाशिक सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, तिथं ते अठ्ठ्याण्णवलाच उकळतं. झाकणानं ०.९ बारचा दाब धरला तर हाच बिंदू एकशे अठराच्या घरात जातो. झाकणाचं रबर कडक झालं की हा सगळा फायदा संपतो. एवढ्या लहानशा वस्तूकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

काट्याला बातमी देणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. त्याच्या पोटात एक असा पदार्थ असतो की तापला की त्याचा विद्युतरोध कमी होतो. हा गुण मायकेल फॅरडेनं १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिला होता. रोध कमी झाला की प्रवाह वाढतो आणि काटा चढतो. सेन्सर स्वतः मात्र फक्त त्याच्याभोवती जे आहे तेच मोजतो. भोवती पाणी असेल तर ते लोखंडाची उष्णता त्याच्यापर्यंत नीट पोचवतं. पाणी गेलं आणि तिथं हवा किंवा थोडी वाफ उरली, तर उष्णता पोचवणारं कुणी राहत नाही. इंजिन पेटत असतं आणि सेन्सर निवांत गार होत असतो. निफाडच्या त्या बागेत हेच झालं. पाणी होतं तोवर काटा खरं बोलत होता. नेमका गरजेच्या क्षणी तो खोटं बोलला, तेही धीर देणारं खोटं.

म्हणून जुन्या ट्रॅक्टरला संरक्षण बसवायचं तर पहिला नियम असा : पाण्याचं तापमान मोजून थांबू नका, लोखंडाचं मोजा.

हा विचार काही नवा नाही. गावातल्या लग्नाच्या हॉलमागं किंवा मोबाइल टॉवरखाली जो डिझेल जनरेटर धडधडतो, त्याच्याजवळ माणूस बसलेला नसतो. म्हणून त्याला तेलाचा दाब घसरला किंवा पाणी तापलं की आपोआप बंद होण्याची सोय असते. जनरेटरवाले त्याला ‘एलएलओपी’ आणि ‘एचडब्ल्यूटी’ म्हणतात आणि ‘एचडब्ल्यूटीवर ट्रिप झाला’ असं सहज बोलून जातात. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात फ्रँक मर्फी यांची कंपनी १९३९ मध्ये याच धंद्यात उतरली. तेलविहिरींवरची एकाकी इंजिनं राखायला त्यांनी वापरलेली युक्ती फार गोड होती. गेजच्या चकतीवर हातानं सरकवता येणारी एक पट्टी, आणि काटा फिरत फिरत त्या पट्टीला टेकला की सर्किट पुरं होऊन इंजिन बंद. म्हणजे काटाच बटण दाबतो. ट्रॅक्टरला ही सोय दिली गेली नाही, कारण त्यावर माणूस बसलेला असतो असं धरलं गेलं. बसलेला असतो हे खरं, पण त्याचं तोंड मागं असतं.

मी पुढे इंजिनाच्या राखणदाराची जी रचना सांगतो आहे ती मुद्दाम बिनडोक ठेवली आहे. बाजारात छोटे प्रोसेसर, आकडे दाखवणारे कंट्रोलर मिळतात आणि हौशी लोक ते सुरेख बसवतात. पण जी वस्तू तालुक्याच्या ऑटो इलेक्ट्रिशियनला टेस्ट लॅम्प लावून दुरुस्त करता येत नाही, ती ट्रॅक्टरवर दुसऱ्या हंगामाला टिकत नाही. कुणीतरी तिच्या दोन तारा एकत्र पिळून टाकतो आणि ट्रॅक्टर कामावर जातो.

तापमानासाठी गिझरमध्ये असतो तसा चकतीचा थर्मल स्विच घ्यायचा. त्यात दोन धातूंची एकजीव केलेली चकती असते. दोन्ही धातू कमी-अधिक फुगतात म्हणून ठरावीक तापमानाला ती ‘टक्’ करून उलटी होते. असा दुहेरी धातूचा पट्टा अठराव्या शतकात जॉन हॅरिसन या इंग्रज घड्याळजीनं जहाजावरच्या घड्याळासाठी बनवला. तोच आज आपल्या न्हाणीघरात पाणी उकळू देत नाही. असे दोन स्विच हवेत. एक खालच्या तापमानाला जोडला जाणारा, भोंग्यासाठी. दुसरा वरच्या तापमानाला तुटणारा, इंजिन बंद करण्यासाठी. या स्विचांच्या छापील आकड्यात पाचएक अंश इकडेतिकडे होतं, हे धरूनच चालावं.

बसवायचे कुठं? हेडवर, शक्यतो सायलेन्सरच्या बाजूला आणि मागच्या सिलिंडरजवळ, कारण पाणी तिथवर सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी पोचतं. पण हेडचे मुख्य बोल्ट ढिले करून त्याखाली पट्टी घालण्याचा मोह टाळा. ते बोल्ट ठरावीक ताकदीनं आवळलेले असतात, एक सैल केला तर गॅस्केटला वाट मिळते. इंजिन उचलण्याची कडी, एखादं रिकामं आटे पाडलेलं भोक, थर्मोस्टॅटच्या घराचा बोल्ट यांपैकी काहीतरी मिळतंच. खालचा रंग खरवडून धातू उघडा करायचा, तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर स्विच घट्ट बसवायचा आणि वरून उष्णता सोसणारं आवरण घालायचं. नाहीतर पंख्याचा वारा त्याला गार ठेवतो आणि आपण काट्याचीच चूक नव्यानं करतो.

आकडे पुस्तकातून घेऊ नका, अगदी या पुस्तकातूनही नाही. प्रत्येक इंजिनाचं, आणि त्यावरच्या प्रत्येक बोल्टचं, नेहमीचं तापमान वेगळं असतं. जाळी धुऊन, नवं कूलंट भरून, एप्रिलच्या खरड छाटणीच्या दिवसांत दुपारी ट्रॅक्टर पूर्ण भाराला अर्धा तास चालवा आणि त्या जागेचं तापमान मोजा. ते पंचाण्णव भरलं तर भोंगा एकशे पाचला आणि बंद एकशे पंधराला, असा माझा हिशेब आहे. याहून जवळ आणलं तर रोज खोटा भोंगा वाजेल. खोट्या भोंग्याला माणूस चार दिवसांत सरावतो, मग खराही ऐकू येत नाही.

ऐकू येण्यावरून आठवलं. कंट्रोल पॅनेलमधला नाजूक बझर इथं कामाचा नाही. ब्लोअरचा आवाज, तोंडाला टॉवेल आणि कित्येकदा कानात गाणी. ट्रकच्या सामानाच्या दुकानात मिळणारा रिव्हर्स हॉर्न घ्या, चालकाच्या पाठीमागं लावा, आणि डॅशबोर्डवर नव्हे तर मडगार्डवर मोठा लाल दिवा ठेवा. चालक जिकडे बघतो तिकडे.

तेलाचा साक्षीदार बहुधा ट्रॅक्टरवर असतोच. तेलाच्या दिव्याचा स्विच दाब नसताना जोडलेला असतो आणि दाब आला की तुटतो. त्याच तारेवर एक साधा बारा व्होल्टचा रिले लावता येतो. अडचण एकच : सुरू करताना तेलाचा दाब शून्यच असतो, म्हणजे राखणदार इंजिनाला जन्मायच्या आधीच मारणार. त्यासाठी दहा सेकंदांचा टायमर रिले किंवा स्टार्ट करताना दाबून धरायचं एक बटण लागतं. मला टायमर पसंत आहे. बटण लोक काडेपेटीची काडी खोचून कायमचं दाबून ठेवतात. तेलाचा स्विच दाब नसताना जोडला जातो, त्यामुळे त्याची तार तुटली तर राखणदार आंधळा होतो आणि कुणाला कळत नाही. उपाय जुनाच आहे. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, लाल दिवा लागलाच पाहिजे. नाही लागला तर बल्ब गेलाय किंवा तार तुटलीय. आधी ते बघा.

तिसरा साक्षीदार पाण्याच्या पातळीचा. जुन्या पितळी रेडिएटरच्या वरच्या टाकीत रेडिएटरवाल्याकडून एक बूच डाकून घेऊन त्यात सळईचा सेन्सर बसवता येतो. होज फुटला तर तो सर्वांत आधी ओरडतो. चांगली गोष्ट आहे, पण ट्रॅक्टर हेलकावे खातो तशी पातळी हलते आणि थोडी इलेक्ट्रॉनिक्स लागतेच. जमलं तर करा.

आता मुख्य काम, इंजिन बंद करणं. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी तोडली की काम झालं. डिझेलला ठिणगीच नाही. दाबलेली हवा इतकी तापते की डिझेल आपोआप पेट घेतं. बॅटरी काढून नेली तरी जुनं डिझेल इंजिन दिवसभर चालत राहील. ते थांबवायचं तर डिझेल तोडा किंवा हवा. आपल्या ट्रॅक्टरवरची स्टॉपची तार पंपावरची एक छोटी दांडी ओढते आणि डिझेल शून्यावर आणते. तीच दांडी विजेनं हलवायची.

काहीजण टाकीपासून पंपाकडे येणाऱ्या नळीत विजेचा वॉल्व्ह बसवतात. सोपं दिसतं, पण नळीत आणि फिल्टरमध्ये उरलेल्या डिझेलवर इंजिन बराच वेळ चालतं. तोवर पिस्टन थांबत नाहीत, आणि नंतर लाइनीत शिरलेली हवा काढत बसावं लागतं. दांडी हलवणारा सॉलेनॉइडच खरा.

सॉलेनॉइड दोन जातींचे. एकाला वीज दिली की तो इंजिन बंद करतो. दुसऱ्याला वीज मिळत राहते तोवरच तो इंजिन चालू ठेवतो, वीज गेली की त्याची स्प्रिंग दांडी ‘बंद’कडे ढकलते. पहिल्या जातीत निम्मा धोका लपलेला आहे : बॅटरी उतरलेली, फ्यूज गेलेला किंवा तार उंदरानं कुरतडलेली असेल तर ऐन वेळी काहीच होत नाही, आणि हे आधी कळत नाही. दुसऱ्या जातीत बिघाड झाला तर इंजिन थांबतं, म्हणजे बिघाड स्वतःच बोंब मारतो. माझं मत स्पष्टपणे दुसऱ्याच्या बाजूनं आहे. मात्र त्याची आणि दांडीची जोडणी हातानं निघणाऱ्या पिनेनं करा. शिवारात मध्येच वायर गेली तर पिन उपसून, जुन्या तारेवर ट्रॅक्टर घरी आणता आला पाहिजे. ती जुनी तार कधीही काढू नका.

या सॉलेनॉइडच्या पोटात बहुधा दोन गुंडाळ्या असतात. पहिली ओढणारी. ती क्षणभरच, पण तीस-चाळीस अँपिअर खाते. दुसरी धरून ठेवणारी, तिला एक अँपिअरच्या आसपास पुरतो. ओढणारीला स्टार्टरकडून वीज द्यायची, धरणारीला चावीकडून. सळई शेवटपर्यंत आत गेली की ओढणारी बंद होते. दांडीची लांबी चुकली आणि सळई मध्येच अडकली तर ती मोठी गुंडाळी चालूच राहून मिनिटभरात जळते. असे सॉलेनॉइड जळाले की ‘माल डुप्लिकेट होता’ म्हणतात. बहुतेकदा माल ठीक असतो, माप चुकलेलं असतं.

या रचनेतली खरी गंमत पुढे आहे. धरणारी गुंडाळी धरू शकते, ओढू शकत नाही. राखणदारानं तिची वीज क्षणभर जरी तोडली, तरी सळई सुटते आणि पुन्हा स्टार्टर मारल्याशिवाय परत जात नाही. म्हणजे इंजिन गार झाल्यावर चकती पूर्ववत झाली तरी सॉलेनॉइड आपण होऊन परत जागेवर येणार नाही. त्यासाठी वेगळा रिले, वेगळं डोकं काही लागत नाही. फक्त एक माळ ओवायची : बॅटरी, तिच्या जवळच फ्यूज, चावी, हेडवरची तुटणारी चकती, तेलाच्या रिलेचा बंद संपर्क आणि शेवटी धरणारी गुंडाळी. माळेतला कुठलाही मणी निखळला की इंजिन बंद.

रिलेच्या आणि सॉलेनॉइडच्या गुंडाळीवर एकेक डायोड उलटा लावा, नाहीतर वीज तुटताना उसळणारा झटका चकतीचे संपर्क जाळतो. आणि बागेतल्या तारांचा शत्रू वेगळाच आहे. मोरचुदाचं पाणी, बोर्डो आणि गंधक. ही औषधं उघड्या टर्मिनलला एका हंगामात हिरवं-काळं करून सोडतात. जोडावर उष्णतेनं आकसणारी नळी चढवा, आत ग्रीस भरा, रिलेचं तोंड खाली ठेवा.

तरीही एक भीती रास्त आहे. चालतं इंजिन अचानक बंद पडणं धोक्याचं नाही का? उतारावर, भरलेली टाकी मागं असताना? या वयाच्या छोट्या ट्रॅक्टरचे ब्रेक यांत्रिक असतात, इंजिन बंद पडलं म्हणून ते जात नाहीत. स्टिअरिंगही बहुधा हाताच्या जोरावरचं. गिअरमध्ये असलेलं बंद इंजिन चाकांना अडवतंच, म्हणून अशा वेळी आधी ब्रेक, मग क्लच, हा क्रम चालकाला शिकवून ठेवावा. पण भीतीचं खरं उत्तर भोंग्यात आहे. भोंगा आणि बंद यांच्यातले दहा अंश म्हणजे चालकाला मिळालेलं मिनिट. त्यात ब्लोअर सोडायचा, सपाट जागा बघायची आणि पाणी शाबूत असेल तर इंजिन दोन-तीन मिनिटं रिकामं, संथ चालू ठेवायचं. तापलेलं इंजिन झटकन बंद केलं तर पंप आणि पंखा थांबतात, लोखंडातली उष्णता पाण्यात उतरत राहते आणि पाणी जागच्या जागी उकळतं. म्हणून आपोआप बंद होणं हा शेवटचा उपाय. तेलाच्या बाबतीत मात्र अशी सवलत नाही. तेलाचा दाब गेला की त्याच क्षणी बंद, भोंगा नंतर वाजला तरी चालेल.

बंद पडल्यावर रेडिएटरचं झाकण उघडू नका आणि हेडवर गार पाणी ओतू नका. दाबाखालचं एकशे दहा अंशांचं पाणी झाकण हललं की वाफ होऊन तोंडावर येतं, आणि तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की तडा जातो. अर्धा तास सावलीत बसा.

बसवून झाल्यावर चाचणी. चकत्या बोल्टवर चढवण्याआधी तेलाच्या भांड्यात थर्मामीटरसह टांगून तापवा आणि दोन्ही कुठं ‘टक्’ करतात ते स्वतः पाहा. नुसत्या पाण्यात जमणार नाही, नाशिकला ते अठ्ठ्याण्णवलाच थांबतं. त्यानंतर दर महिन्याला इंजिन रिकामं चालू असताना चकतीची एक तार उपसा. इंजिन थांबलं पाहिजे. नाही थांबलं तर कुणीतरी ती माळ मध्ये पिळून ठेवली आहे. बहुतेक वेळा ते घरातलंच कुणीतरी असतं.

निफाडच्या त्या ट्रॅक्टरचे लायनर-पिस्टन बदलले, हेडला फेसिंग मारलं आणि वर सांगितलेली माळ बसवली. पुढच्या गोडी छाटणीनंतरच्या हंगामात तिनं इंजिन दोनदा बंद केलं. दोन्ही वेळा होज शाबूत होता, पट्टा शाबूत होता, पाणी पूर्ण होतं. रेडिएटरच्या जाळीत पानं अडकली होती.